नवपरिचारिका, रुग्णालयीन : पुणे शहरातील कार्यभाराचा इतिहास

परिचर्येचे शिक्षण घेत असताना रुग्णालयाच्या कक्षात काम करणारी प्रशिक्षणार्थी आणि ते शिक्षण नुकतेच संपवून प्रथमच पगारी सेवेत आलेली परिचारिका, या दोघींना मिळून प्रस्तुत नोंदीत नवपरिचारिका म्हटले आहे. तिच्यावर पडणारा कामाचा भार हा सामान्यतः तिच्या अननुभवाचा परिणाम मानला जातो. हात बसला की भार हलका होतो, अशी समजूत आहे. पुणे शहरातील रुग्णालयांचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी वाटते. शिकाऊ व नवागत स्त्रीचे श्रम स्वस्त आणि हुकमी असतात, या गृहीतावरच आधुनिक रुग्णालयाची घडी आरंभी बसविण्यात आली. पुढे प्रशिक्षणार्थीला विद्यार्थिनीचा दर्जा मिळाला, तेव्हा तोच भार नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेकडे सरकला. जुने सरकारी अध्यापन रुग्णालय, धर्मादाय, लष्करी व महापालिकेची रुग्णालये आणि मोठी खाजगी रुग्णालये, असे सर्व प्रकार पुण्यात एकत्र आढळत असल्याने हा प्रवास येथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. एका परिचारकाने किती रोगी सांभाळावेत, हा प्रश्न तेथे संभवत नाही. कारण एका रोग्याजवळ एक परिचारक हेच त्या कल्पनेतील चित्र आहे. महाराष्ट्रातील घरोघरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हेच चालत आले. आजाऱ्याची सेवा घरातील स्त्रिया करीत आणि बाळंतपणास सुईण येई. सरकारी इस्पितळात जाणे हा निराधारांचा, प्रवाशांचा किंवा शिपायांचा मार्ग समजला जाई. या परंपरेचा एक अंश अद्याप टिकून आहे. भारतीय रुग्णालयांत रुग्णाजवळ नातेवाईक राहतो, भरवणे, पुसणे, कूस बदलणे यांपैकी बरेचसे तोच करतो, आणि परिचारिकांची संख्या कितीने कमी आहे हे त्यामुळे डोळ्यांआड राहते.

पगारी व प्रशिक्षित परिचारिकेची कल्पना इंग्लंडमधून आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचर्या विद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थिनीला ‘प्रोबेशनर’ म्हणत. मराठीत तिला ‘उमेदवार’ म्हणणे योग्य ठरेल, कारण सुताराच्या वा सोनाराच्या हाताखालील उमेदवारासारखीच तिची स्थिती होती. ती कक्षात राबून शिके. राहणे, जेवण व अल्प भत्ता मिळे. आणि शिक्षण संपल्यावर काही वर्षे सेवेचे बंधन असे. त्या काळातील बेशिस्त व अशिक्षित दायांच्या तुलनेने ही पद्धती फार पुढची होती यात शंका नाही. परंतु तिच्यात एक सोय रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना लवकरच उमगली. विद्यालय उघडले की कक्षासाठी वेगळे मनुष्यबळ फारसे लागत नाही. दरवर्षी नवी तुकडी येते आणि जुनी जाते. नाइटिंगेल यांनी भारतातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना १८६५ मध्येच सुचविली होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. मात्र तो मुख्यतः आरोग्यरक्षण व खेड्यांतील स्वच्छता यांविषयी होता. [⟶ नाइटिंगेल, फ्लॉरेन्स].

पुण्यातील ससून रुग्णालय हे बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. १८६३ मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली व १८६७ मध्ये ते सुरू झाले. दात्याचे निधन त्यापूर्वीच, १८६४ मध्ये, पुण्यात झाले होते. १८७८ मध्ये रुग्णालयाला जोडून बैरामजी जीजीभाई वैद्यक शाळा निघाली. तिचेच पुढे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. वैद्यक शाळेमुळे रुग्णालयाचे स्वरूप पालटले. शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले, तापमान व नाडी यांच्या नोंदी ठराविक वेळी होणे आवश्यक झाले, जंतुनाशनाची नवी तंत्रे आली. ही सर्व कामे वॉर्डबॉय व आया यांच्याकडून होण्यासारखी नव्हती. शिकलेल्या परिचारिका मात्र प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. मुंबईत १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. दक्षिण महाराष्ट्रात मिरज येथे विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिका तयार करण्यास आरंभ केला, पण त्याही मुख्यत्वे ख्रिस्ती समाजातील होत्या.

१८९७ च्या प्लेगने ही उणीव उघडी पाडली. शहरात प्लेगचे रुग्णालय व विलगीकरणाच्या छावण्या उभारण्यात आल्या. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेतला. रुग्ण होते, खाटा होत्या, डॉक्टरही मिळत होते. दिवसरात्र रुग्णाजवळ थांबणारे प्रशिक्षित हात मात्र नव्हते. सरकारला इंग्लंडहून परिचारिका मागवाव्या लागल्या. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या या सेवेचे स्मरण आदराने केले जाते ते योग्यच आहे. तथापि तिच्याकडे केवळ त्याग म्हणून पाहण्याची जी सवय समाजाला लागली, तिचा परिणाम पुढील काळातील पगारी परिचारिकेला भोगावा लागला, असे म्हणावे लागते. सेवा हे व्रत ठरले की कामाचे तास मोजणे अशोभनीय ठरते.

पुण्यातील मध्यमवर्गीय हिंदू स्त्रीला या व्यवसायात आणण्याचे श्रेय सेवासदन या संस्थेचे आहे. मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी सेवासदन स्थापन केले; त्याच धर्तीवर १९०९ मध्ये रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदन सुरू केले. प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक शिक्षणाचे वर्ग, शिवण, अध्यापन यांबरोबरच परिचर्या हा शिक्षणक्रम संस्थेने लवकरच हाती घेतला. प्रशिक्षण ससून रुग्णालयात होई आणि मुलींच्या राहण्याची व्यवस्था संस्थेच्या वसतिगृहात असे. येणाऱ्यांत बालविधवा, परित्यक्ता आणि गरीब घरांतील स्त्रिया अधिक होत्या.

या पहिल्या पिढीच्या कार्यभाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याचा मोठा भाग कक्षाच्या हजेरीपुस्तकात कधीच उमटला नाही. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या स्त्रीला कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावावा लागे. पुरुषांच्या कक्षात जावे लागे. रात्र घराबाहेर काढावी लागे, आणि ही एकच गोष्ट तिच्याविषयी वाटेल ते बोलले जाण्यास पुरेशी होती. पुष्कळ जणींचे पूर्वशिक्षण मराठी प्राथमिक शाळेपुरतेच असल्याने शरीररचना, औषधांची नावे व मापे हे सर्व त्यांना कामाचे तास संपल्यावर, थकलेल्या डोळ्यांनी शिकावे लागे. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात, केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली असता प्रेक्षकांतील काही महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडविली आणि रमाबाईंनी त्यांना तेथल्या तेथे कडक शब्दांत सुनावले, असा प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात सांगितला जातो. सुशिक्षित तरुणांची ही वृत्ती असेल, तर पेठांतील वाड्यांतून काय बोलले जात असेल याची कल्पना करता येते. सेवासदनाचे वसतिगृह ही म्हणूनच केवळ राहण्याची सोय नव्हती. दिवसभर अनोळखी रुग्णांत वावरून परतल्यावर, त्या दिवशी काय घडले हे जिला सांगता येईल अशी दुसरी कोणी तेथे भेटे. आजच्या कित्येक नवपरिचारिकांना नेमके हेच मिळत नाही.

रात्रीच्या वेळी कोणते काम नवख्या परिचारिकेच्या हातावर येऊन पडेल हे सांगता येत नसे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवडा कारागृहातून ससूनमध्ये आणलेल्या महात्मा गांधींवर कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना विजेचे दिवे गेले. एका परिचारिकेने हातातील विजेरीचा प्रकाश धरला. तीही विझली, तेव्हा उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करण्यात आली. हा प्रसंग गांधीचरित्रांतून सर्वत्र येतो, शल्यविशारदाचे नावही येते. विजेरी धरणारी मात्र ‘एक परिचारिका’ एवढीच राहिली आहे.

उमेदवारीची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अबाधित होती. दिवसाच्या पाळीचे दोन तुकडे केले जात : सकाळी काही तास, दुपारी सुटी, व पुन्हा सायंकाळी काही तास. कागदोपत्री हे आठ-नऊ तासांचे काम, पण प्रत्यक्षात पहाटेपासून रात्रीपर्यंतचा संपूर्ण दिवस त्यात अडके, आणि मधल्या ‘सुटीत’ व्याख्याने ठेवली जात. रात्रपाळी बहुधा बारा तासांची असे. फुटलेल्या तापमापकाची वा हरवलेल्या चादरीची भरपाई भत्त्यातून कापून घेण्याचा रिवाज होता. तो स्वातंत्र्योत्तर काळातही अनेक ठिकाणी टिकला. पहिल्या महायुद्धात पुण्यात उघडलेल्या डेक्कन वॉर हॉस्पिटलमध्ये ऑस्ट्रेलियातील लष्करी परिचारिकाही येऊन गेल्या. लष्करी सेवेत परिचारिकेला हुद्दा होता आणि कामाची विभागणी नेमकी होती. नागरी रुग्णालयातील देशी उमेदवार परिचारिकेच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात या परिस्थितीचे पहिले व्यवस्थित मोजमाप मांडले. त्या वेळच्या ब्रिटिश भारतात सुमारे ७,००० प्रशिक्षित परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट ५०० लोकांमागे एक असे ठेवले, तसेच परिचारिकांची राहण्याची जागा, कामाचे तास व वेतन यांच्या हलाखीवर बोट ठेवले. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ मध्ये संमत झाला. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ पासून होता. महाराष्ट्र राज्यासाठी १९६६ मध्ये नवा अधिनियम झाला. परिषदेने अभ्यासक्रम एकसारखे केले आणि प्रशिक्षणार्थींची गणना कक्षाच्या मनुष्यबळात करू नये, हे तत्त्व हळूहळू मान्यता पावले. तत्त्व मान्य झाले तरी पदे त्या प्रमाणात वाढली नाहीत, आणि येथेच भाराचे स्थलांतर झाले. विद्यार्थिनीने सोडलेली जागा भरण्यास कोणी नसल्याने ती नुकत्याच रुजू झालेल्या अधिपरिचारिकेने सांभाळावी, अशी रूढी पडली.

याच काळात पुण्यातील खाटांची संख्या झपाट्याने वाढली. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय १९१२ मध्ये स्थापन झाले होते. १९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी तेथे आल्या तेव्हा ते सुमारे ४० खाटांचे प्रसूतिगृह होते आणि त्यांच्या कारकीर्दीत त्याचे मोठे सर्वसाधारण रुग्णालय झाले. जहांगीर नर्सिंग होम १९४६ मध्ये व रूबी हॉल क्लिनिक १९५९ मध्ये सुरू झाले. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाने १९६४ मध्ये परिचर्या महाविद्यालय काढले. रूबी हॉलमधील तेहमी ग्रँट संस्थेसारखी खाजगी रुग्णालयांची परिचर्या विद्यालयेही निघाली आणि १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवीचे शिक्षण पसरले. शिक्षणाची सोय वाढली, तशी शिकून तयार होणाऱ्यांची संख्याही वाढली. कक्षातील पदे मात्र वेगळ्याच हिशेबाने ठरत राहिली.

तो हिशेब सर्वसामान्य वाचकाला सहसा माहीत नसतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९८५ च्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. केंद्र शासनाच्या कर्मचारी निरीक्षण विभागाने १९९१-९२ मध्ये सर्वसाधारण कक्षासाठी सहा खाटांमागे एक, विशेष कक्षासाठी चार खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागासाठी एका खाटेमागे एक असे प्रमाण घालून दिले. साप्ताहिक सुट्या व रजा यांसाठी ४५ टक्के पदे वाढवून धरावीत, असे सांगितले. वरवर पाहता हे प्रमाण उदार वाटते. पण ते एका वेळी हजर असणाऱ्या परिचारिकांचे नव्हे, तर एकूण पदांचे प्रमाण आहे असे धरले की चित्र बदलते. ३६ खाटांचा कक्ष घेऊ. सहास एक या दराने ६ पदे, आणि रजेसाठी ४५ टक्के मिळवून सुमारे ९. सुट्या वजा जाता दररोज सहा जणी कामावर येतील आणि त्या तीन पाळ्यांत वाटाव्या लागतील. सकाळी फेरी, मलमपट्ट्या व शस्त्रक्रियेची तयारी यांमुळे तिघी लागतात, दुपारी दोघी. रात्रीसाठी एक उरते. एखादे पद रिक्त असेल किंवा कोणी प्रसूतिरजेवर असेल, तर दुपारचीही एक कमी होते. सरकारी रुग्णालयाला रुग्ण परत पाठविता येत नाही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ससूनसारख्या रुग्णालयाकडे रुग्ण धाडले जातात. अशा वेळी खाटा भरल्या की फरशीवर गाद्या पडतात. दहा गाद्या वाढल्या की रुग्ण ४६ होतात, आणि पदांची गणना खाटांवर असल्याने गाद्यांवरचे रुग्ण हिशेबात येतच नाहीत. बारा तासांच्या रात्रपाळीत ७२० मिनिटे असतात. ती ४६ रुग्णांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सबंध रात्रीत साडेपंधरा मिनिटे येतात, तीही परिचारिका क्षणभर न थांबता, पाणी न पिता काम करील तर.

या साडेपंधरा मिनिटांत काय बसवावे लागते? पाळी हाती घेताना प्रत्येक रुग्णाची माहिती ऐकणे, उपकरणांची व कपड्यांची मोजदाद करणे, औषधे देणे, अंतःक्षेपणे, सलाईन लावणे व बदलणे, तापमान-नाडी-श्वसन-रक्तदाब यांच्या नोंदी, शस्त्रक्रिया झालेल्यांची लघवी व निचरा यांचे मोजमाप, बेशुद्ध रुग्णाची कूस बदलणे, नव्या रुग्णाची भरती, पहाटे तपासणीसाठी रक्त काढून बाटल्यांवर नावे चिकटविणे, आणि हे सर्व कागदावर उतरविणे. औषधभांडाराची मागणीपत्रे, परीटघराचा हिशेब, बंद पडलेल्या दिव्याची तक्रार ही परिचर्येत न मोडणारी कामेही तिच्याच गळ्यात असतात. अनुभवी परिचारिका यांतून वाट काढते. कोणता रुग्ण अर्धा तास थांबू शकेल आणि कोणता पाच मिनिटेही थांबणार नाही हे ती चेहऱ्यावरून, श्वासाच्या आवाजावरून ओळखते. नवपरिचारिकेला ही नजर अद्याप आलेली नसते, म्हणून ती सर्वच कामे एका क्रमाने, यादीप्रमाणे करू पाहते. आणि यादीच्या शेवटी असलेला रुग्ण तिला फार उशिरा दिसतो. नवख्या परिचारिकेची चूक म्हणून जी गोष्ट नंतर चौकशीत नमूद होते, ती पुष्कळदा अशी असते.

कामाच्या या भारात आणखी दोन गोष्टी मिसळतात. रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांसमोर प्रथम उभी असते ती बहुधा परिचारिका. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांवरील हिंसेला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकांनाही लागू आहे, परंतु कायद्याचे साहाय्य घटनेनंतरचे असते. दुसरी गोष्ट श्रेणीची. निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता उठवावे की नाही, हा निर्णय बावीस वर्षांच्या मुलीला एकटीने घ्यावा लागतो. उठविले आणि काही निघाले नाही तर बोलणी. न उठविले आणि काही झाले तर चौकशी. कक्षातील जुन्या मावशी व मामा तिला पुष्कळ शिकवितात, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नमूद नसलेले सत्य आहे. कधीकधी तिची परीक्षाही पाहतात. रुग्ण मात्र तिला पहिल्या दिवसापासूनच ‘सिस्टर’ म्हणतो, आणि वीस वर्षांच्या अनुभवाने जे येते ते सर्व तिच्याकडे असणार असे धरून चालतो.

हा प्रश्न पुण्यापुरता किंवा भारतापुरता नाही. इझाबेल मेंझिस यांनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयाचा अभ्यास केला. तेथील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात. मृत्यू व वेदना यांच्या सान्निध्यातून येणारी चिंता टाळण्यासाठी रुग्णालयाने काम तुकड्यातुकड्यांत वाटले होते. त्यामुळे कोणतीच परिचारिका कोणत्याच रुग्णाची पूर्ण काळजी घेत नव्हती आणि चिंता कमी होण्याऐवजी वाढत होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये, विद्यालयात शिकविलेली परिचर्या आणि कक्षात करावी लागणारी परिचर्या यांतील अंतर प्रथम जाणवते तेव्हाच्या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांची ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे तीत आढळले. तेथे तुलना चार आणि आठ रुग्णांमधील होती, हे भारतीय वाचकाने लक्षात घ्यावे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून प्रत्येक पाळीतील किमान प्रमाण बंधनकारक केले.

भारतात सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये आठवड्याला ४० तास काम, सलग पाळी, जादा तासांचा मोबदला आणि परिचर्येबाहेरच्या कामांतून मुक्तता अशा शिफारशी केल्या. त्यांपैकी सलग पाळी बहुतेक ठिकाणी आली. इतर शिफारशींबाबत तसे म्हणता येत नाही.

खाजगी रुग्णालयांत भाराचे स्वरूप निराळे आहे. रुग्णांची संख्या तेथे मर्यादित असते, पण नवपरिचारिकांचे प्रमाण मोठे असते. दोन वर्षांचा अनुभव मिळाला की त्या सरकारी नोकरीसाठी किंवा आखाती देश, ब्रिटन यांकडे जातात आणि त्यांच्या जागी पुन्हा नवख्या येतात. पुण्यातील खाजगी रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिका दीर्घकाळ मोठ्या संख्येने आहेत. गेल्या काही दशकांत मराठवाडा व विदर्भातील मुली आणि मुलगेही आले आहेत. जाणाऱ्यांना अडविण्यासाठी बंधपत्र लिहून घेणे व मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवणे, असे प्रकार देशभर होत. २०११ च्या सुमारास अनेक शहरांत परिचारिकांनी त्याविरुद्ध आंदोलने केली आणि परिचर्या परिषदेनेही ही पद्धत अमान्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०० पेक्षा अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके, तर ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयात किमान २०,००० रुपये मासिक वेतन असावे, असे सुचविले. अंमलबजावणी राज्यांवर सोपविण्यात आली. वेतनाचा कार्यभाराशी थेट संबंध आहे. अपुऱ्या पगारात घरभाडे भागत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी दुसरीकडे पाळी करणाऱ्या तरुण परिचारिकेची विश्रांती कोणत्याच हजेरीपुस्तकात मोजली जात नाही.

९ मार्च २०२० रोजी कोविडचे महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले. त्यांच्यावर महापालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात उपचार झाले. ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे तात्पुरते ‘जम्बो’ रुग्णालय उभारण्यात आले. खाटा काही आठवड्यांत उभ्या राहू शकतात. परिचारिका तयार होण्यास तीन-चार वर्षे लागतात. परिणामी अशा ठिकाणी कंत्राटी आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांवरच भिस्त राहिली. संरक्षक पोशाखात तासन्‌तास पाणी पिता येत नव्हते, नातेवाइकांना प्रवेश नव्हता. नातेवाईक करीत असलेले भरवणे-पुसण्याचे सर्व काम त्यामुळे प्रथमच पूर्णपणे परिचारिकांवर आले आणि ते किती होते हे तेव्हा कळले. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र शासनाने परिचर्येच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड कक्षात काम देण्यास अनुमती दिली व शंभर दिवस काम करणाऱ्यांना शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचे जाहीर केले. कक्षाचे मनुष्यबळ अपुरे पडताच विद्यार्थिनी पुन्हा उमेदवार झाली. साथ ओसरल्यावर तात्पुरती रुग्णालये बंद झाली आणि तेथील कंत्राटेही संपली.

मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिकांनी, पदे बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याच्या निर्णयाविरुद्ध संप केला. ससून रुग्णालयातील परिचारिकाही त्यात होत्या. कंत्राटी नवपरिचारिकेचा प्रश्न केवळ वेतनाचा नसतो. तिची नेमणूक काही महिन्यांची असल्याने तिला एका कक्षात स्थिर करून शिकविण्यात परिसेविकेला स्वारस्य राहत नाही, आणि ज्या कक्षात माणूस कमी असेल तेथे तिला रोज हलविले जाते. जी नजर कमावण्यास एकाच प्रकारचे रुग्ण दीर्घकाळ पाहावे लागतात, ती अशा फिरतीत येत नाही. १९४७ च्या अधिनियमाच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. शिक्षणाची मानके, संस्थांचे मूल्यमापन, नोंदणी व व्यावसायिक आचरण हे त्याचे विषय आहेत. एका पाळीत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, हे त्यात ठरविलेले नाही.